मोआनिबाचा भोवरा

नेइ मोआनिबाच्या वाट्याला आलेला किनारा साठ पावलांचा. ही पावलं तिची. तिच्या नवऱ्याने मोजला असता तर पंचेचाळीसच भरला असता, पण तो बिचारा वाटणीच्या आधीच वारला, आणि पावलं आखूड टाकली म्हणून किनारा काही लांब होत नाही. त्या साठ पावलांमागे अठरा माड, केवड्याची दोन बनं आणि अळूकंदाचा एक खड्डा, ज्यात खारं पाणी झिरपून पानं पिवळी पडायची. आमच्या तेराबू बेटावर बाईंना नेइ म्हणतात आणि एवढ्यालाही जमीनच म्हणतात.

तर या साठ पावलांवर नऊ वर्षांत समुद्राने चारशे बारा नारिंगी चकत्या आणून टाकल्या. उरलेल्या अख्ख्या बेटाला, म्हणजे दहा मैलांच्या किनाऱ्याला, सगळ्या मिळून एकशे सहा. हे आकडे कौन्सिलचा कारकून तिमोन याच्या वहीतले आहेत. तिमोनचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे त्याच्या वहीत थापही खरी वाटते. वही कौन्सिलच्या पत्र्याच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली तिमोनच्या गळ्यात.

चकत्या म्हणजे तळहाताएवढे लाकडाचे तुकडे, नारिंगी रंगाचे, प्रत्येकीवर नंबर. दूरच्या होबार्ट शहरातल्या एका कचेरीतून त्या खोके भरभरून यायच्या आणि माल आणणारं जहाज बेटाच्या ईशान्येला आलं की खलाशी त्या शंभर-शंभर करून पाण्यात टाकायचे. वरवरचं पाणी कुठून कुठे वाहत जातं हे होबार्टच्या लोकांना हवं होतं. त्यांच्याकडे संगणकात एक समुद्र होता आणि त्यात हजारो थेंब सोडलेले होते. दर तासाला प्रत्येक थेंबाची चौकशी व्हायची, बाबा रे, तू आहेस तिथे प्रवाह कुठे चाललाय, वारा किती ढकलतोय, आणि मग तेवढं त्याला पुढे सरकवायचं. असे महिनोन्महिने सरकवून थेंब कुठे लागतात ते पाहायचं, आणि खऱ्या चकत्या कुठे लागल्या त्याच्याशी ताडून बघायचं. जो कुणी चकती आणून देईल आणि ती कुठे सापडली ते सांगेल, त्याला कौन्सिलकडून बीफचा एक डबा.

आता आमच्या बेटाचा एक नियम आहे. तो सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे होबार्टला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. समुद्र जे आणून टाकील ते ज्याचा किनारा त्याचं. ओंडका असो, जाळ्याचा काचेचा गोळा असो, नाहीतर मेलेला देवमासा. दुसऱ्याच्या किनाऱ्यावरून काडी उचलली तरी ती चोरी. तेव्हा तिमोनने टेबलामागून “कुठं सापडली?” असं विचारलं की डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच उत्तर देणार, “आमच्या किनाऱ्यावर.” तिमोन लिहून घ्यायचा. त्याच्या स्वतःच्या सात चकत्याही त्याच्याच किनाऱ्यावर सापडलेल्या होत्या. त्याच्या किनाऱ्याला कौन्सिलने पुरुषभर उंच भिंत घातलेली आहे, पण वहीत भिंतीसाठी रकाना नव्हता.

मोआनिबा सगळ्यांच्या आधी उठायची. फटफटलं की निघायची, आणि पुरुष माडावर चढून माडी उतरवायला लागायच्या आत बाहेरच्या किनाऱ्याने तीन मैल चालून घरी परतलेली असायची. वाटेत ज्याचा किनारा लागेल त्याच्यावर चकती दिसली की ती पदराआड व्हायची. चार वर्षं ती बाउरोबाबांच्या किनाऱ्यावरूनही उचलत होती, आणि बाउरोबाबा म्हणजे आमच्या मनेआबातले सर्वांत वडील. मनेआबा म्हणजे गावाची बैठक. भिंती नसलेलं, केवड्याच्या पानांनी शाकारलेलं मोठं छप्पर. गावाचं जे काही ठरतं ते त्याखाली बसून ठरतं. पण तिची खरी खाण म्हणजे थोरल्या बहिणीचा, तेकोआचा किनारा.

या दोघी बहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई गेली तेव्हा जमिनीची वाटणी झाली. तेकोआला दक्षिणेकडची चारशे पावलं मिळाली, थेट खिंडीला, म्हणजे खडपातून समुद्र बेटाच्या आत शिरतो त्या वाटेला लागून, कारण तिने आईची सहा वर्षं सेवा केली होती. मोआनिबाला साठ मिळाली. मोआनिबाने मातीनंतरच्या जेवणात सत्तर माणसांदेखत विचारलं, “ताई, सेवा आईची केलीस की जमिनीची?” तेकोआने हातातला नीरफणसाचा तुकडा खाली ठेवला आणि उठून गेली. त्यानंतर शब्द नाही. बरं, तोंड चुकवावं तर तीही सोय नाही, कारण मनेआबात प्रत्येक घराण्याची जागा पूर्वजांपासून खांबाखांबाला ठरलेली. दोघींना एकाच खांबापाशी, एकाच चटईवर बसावं लागे. त्या पाठीला पाठ लावून बसत. मोआनिबाला मीठ हवं असलं की ती खांबाला सांगायची, “कुणाच्या हाताशी मीठ असलं तर द्या म्हणावं.” मीठ यायचं.

पहिली चकती तिने तेकोआच्या वाळूतून उचलली ती निव्वळ रागाने. आपल्या हक्काचंच घेतोय, अशी तिने मनाची समजूत घातली. डबा मिळाल्यावर मात्र तिला दुसरंच काही सुचलं. गावजेवण असलं की प्रत्येक घर मनेआबाच्या मध्यावर आपला वाटा आणून ठेवतं, आणि कुणी काय ठेवलं ते मोठ्याने पुकारतात. पिवळ्या अळूची ही विधवा आजवर दोन नारळ ठेवून मान खाली घालून बसायची. आता ती दोन-दोन, तीन-तीन डबे ठेवू लागली. बाउरोबाबा तिचं नाव पुकारायचे आणि लोक म्हणायचे, समुद्राचा जीव आहे बाईवर. माणसाला पोटापेक्षा नावाची भूक मोठी असते, आणि विधवेला तर ती भूक आहे हेसुद्धा कुणाला खरं वाटत नाही. मोआनिबा त्या डब्यांतला एकही डबा घरी फोडत नव्हती.

इकडे होबार्टमध्ये ट्रेवर नावाचा एक तरुण डोकं धरून बसला होता. आमच्या तोंडाला इतकी व्यंजनं एका दमात झेपत नाहीत म्हणून आम्ही त्याला तेरेवा म्हणतो. त्याच्या संगणकातले थेंब मोआनिबाच्या किनाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. तो सोडायचा आणि ते सरळ दक्षिणेला जाऊन खिंडीत घुसायचे, आणि वहीत तर खिंडीच्या नावावर एकही चकती नाही. त्याने वारा कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला, समुद्राच्या तळाला एक टेकडी बसवली. अकरा महिन्यांनी मोआनिबाच्या किनाऱ्यासमोर त्याने एक भोवरा घातला आणि थेंब वळले. साठ पावलांवर नेमके येऊन लागले. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, नकाशा छापला आणि भोवऱ्याला मोआनिबाचं नाव दिलं. नकाशाची एक प्रत आमच्याकडे आली तेव्हा तिमोनने ती मनेआबात उंच धरून दाखवली. मोआनिबाने नंतर ती मागून घेतली आणि घडी करून झोपायच्या चटईखाली ठेवली.

तेरेवा दोनदा येऊनही गेला. होडीतून तिच्या किनाऱ्यासमोर चार-चार तास बसून त्याने पाणी मोजलं. भोवरा काही सापडला नाही. तेव्हा त्याने ठरवलं की भोवरा ऋतूप्रमाणे येत असावा. तो मोडकीतोडकी आमची भाषा शिकला, माडीही प्यायला, आणि मोआनिबाच्या घरी तीन वेळा जेवला. ती त्याच्याकडे न बघता वाढायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक ट्यूना पकडणारं जहाज बेटाच्या ईशान्येला खडपावर चढलं. माणसं सुखरूप उतरली, जहाज फाटलं, आणि त्यातून काळं तेल गळायला लागलं. दुसऱ्या दिवशीच्या छोट्या विमानातून तेरेवा आला, आणि त्याच्याबरोबर एक पिवळा तरंगता बांध, रबराचा, अजगरासारखा गुंडाळलेला. पाण्यात सोडला की तेल त्याला अडतं. बांध दोनशे पावलांचा आणि एकच. दुसरा मिळायला आठ दिवस, आणि तेल पोचायला दोन. दुपारी सगळं गाव मनेआबात जमलं.

तेरेवाने चटईवर संगणक उघडला. बाउरोबाबा पुढे सरकले, त्यांच्यामागे बाकीचे म्हातारे. पडद्यावर जहाजापासून काळे ठिपके निघाले, हळूहळू खाली सरकत आले, मोआनिबाच्या भोवऱ्यात गिरकी घेऊन तिच्या साठ पावलांवर जाऊन बसले.

“बांध इथं लावायचा,” तेरेवा म्हणाला. “नेइ मोआनिबांच्या किनाऱ्यासमोर.”

लोकांना बरं वाटलं. तिच्या किनाऱ्यावर नासण्यासारखं होतं काय? अठरा माड आणि तेही म्हातारे.

“आणि खिंडीतून आत शिरलं तर?” बाउरोबाबांनी विचारलं.

खिंडीच्या आतल्या अंगाला चिखलाचं मोठं मैदान आहे. ओहोटीला गावातल्या सगळ्या बायका तिथे शिंपले खणतात. वादळात आठ-आठ दिवस होड्या बाहेर पडत नाहीत तेव्हा गाव त्या चिखलावर जगतं, आणि एकदा त्यात तेल बसलं तर ते पिढीभर निघत नाही हे शेजारच्या बेटावर आम्ही पाहिलेलं आहे.

“खिंडीत फारसं जाणार नाही, बाबा,” तेरेवा म्हणाला. “नऊ वर्षांत तिथं एक चकती लागलेली नाही.”

तिमोनने वहीची पानं चाळली आणि मान डोलावली. “एकही नाही.”

मोआनिबा खांबापाशी, तेकोआच्या पाठीला पाठ लावून बसली होती. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे तिला वाटत होतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. प्रत्यक्षात सगळे पडद्याकडे बघत होते. तिच्या किनाऱ्यावर नऊ वर्षांत खऱ्या लागलेल्या चकत्या अकरा. बाकी चारशे एक कुठून आल्या ते तिला ठाऊक होतं, आणि भोवरा कशाचा बनलाय तेही. गप्प बसलं तर बांध तिच्या दारात लागणार, तेल भलतीकडे जाणार. बोललं तर याच छपराखाली, जिथे तिचं नाव पुकारलं जायचं, तिथे ती चोर. आमच्याकडे एकाने कोंबडी चोरली होती. तो कबूल झाल्यावर त्याच रात्री होडी घेऊन दुसऱ्या बेटावर निघून गेला तो परत आला नाही. मोआनिबाकडे होडीही नव्हती.

म्हातारे उठायला लागले. दोर कुणाकडे, होड्या किती, अशी बोलणी सुरू झाली.

“तेरेवा,” मोआनिबा बसल्या जागेवरून म्हणाली, “तो भोवरा काढ.”

“काय म्हणालात?”

“भोवरा. माझ्या नावाचा. काढून टाक. तिथं काही नाहीये.”

तेरेवा हसला, समजूत घालावी तसा. “नेइ मोआनिबा, भोवरा वरून दिसत नाही. पाण्याची ओढ असते ती.”

“अरे, मी रोज तिथं भांडी घासते. माझं झाकण गेल्या वर्षी पडलं ते अजून तिथंच आहे.”

लोक हसले. मोआनिबा हसली नाही, आणि मग हळूहळू बाकीचेही थांबले. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिचा आवाज मीठ मागताना असायचा तसाच होता.

“चकत्या माझ्या किनाऱ्यावर लागल्याच नाहीत. अकरा लागल्या. बाकीच्या मी लोकांच्या किनाऱ्यावरून उचलल्या.”

“पण वहीत तर...” तिमोन म्हणाला.

“वहीत मी सांगितलं ते आहे. तू लिहिलंस, तुझा काय दोष.”

बाउरोबाबांनी घसा खाकरला. “कुणाच्या किनाऱ्यावरून?”

“तुमच्या सतरा, बाबा. साठेक इकडच्या-तिकडच्या, त्या आठवतील तशा सांगते. आणि तीनशे चोवीस तेकोआच्या.”

तिच्या पाठीला टेकलेली पाठ जागची हलली नाही. मोआनिबाने मान वळवली नाही, आणि तिला त्या क्षणी मरून जावंसं वाटत होतं. हे मी वाढवून सांगत नाही. तिनेच पुढे सांगितलं की खांब अंगावर पडला असता तर बरं झालं असतं.

बाउरोबाबांनी दाढी खाजवली. “आणि ते डबे?”

“इथंच ठेवले. जेवणाच्या ढिगात.”

“सगळे?”

“सगळे.”

“मग खाल्ले कुणी?”

छपराच्या कडेला एक कोंबडी चालत गेली.

“मी खाल्ले,” बाउरोबाबा म्हणाले. “मीठ जास्त असायचं त्यात. चोरीचा माल खाल्लेल्या माणसाने निवाडा करू नये. तेरेवा, बाळा, तू तुझं गणित सुधार.”

त्यानंतर जे झालं ते होबार्टच्या कुठल्या अहवालात येणं शक्य नाही. तिमोनने किल्ली चाचपली आणि सांगितलं की आपल्या सात चकत्या भिंतीपाशी लागलेल्या नव्हत्या. मग एक कोळी म्हणाला की त्याच्या तीन वहीत उत्तरेला आहेत पण त्या त्याला मासे धरताना भर समुद्रात मिळाल्या. शाळेच्या मास्तरांच्या पाच होत्या. एका म्हातारीने आपली एकुलती एक चकती सासूच्या किनाऱ्यावरची होती असं सांगितलं, आणि सासू वारून पाच वर्षं झाली असली तरी तिने आवाज खाली ठेवला. तेरेवा टाइप करत राहिला. तासाभरात नऊ वर्षांचा समुद्र त्या चटईवर पुन्हा नव्याने मांडून झाला. इतकं खरं आमच्या मनेआबात एका बैठकीत पूर्वी कधी बोललं गेलेलं नाही आणि पुन्हा बोललं जाईल असं वाटत नाही.

तेरेवाने भोवरा काढला आणि थेंब सोडले. थेंब सरळ दक्षिणेला गेले आणि खिंडीत घुसले. तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला.

“आता हे खिंडीत जातायत,” तो म्हणाला. “पण तीनशे चोवीस तर नेइ तेकोआंच्या किनाऱ्यावर लागल्यात. तीनशे चोवीस म्हणजे थोड्या नाहीत. म्हणजे मग भोवरा असणार, फक्त जरा खाली, त्यांच्या किनाऱ्यासमोर.” आणि तो दुसरा भोवरा घालायला लागला. त्याला आता त्याची सवय झाली होती. “बांध तिथं लावायचा.”

पुरुष पुन्हा उठले. बांध तेकोआच्या किनाऱ्यासमोर लागणार म्हटल्यावर तिला नुसतं गप्प बसायचं होतं. तिचा किनारा वाचला असता, तिची वाळू, तिचे माड. तेकोआ ही तशीही गप्प बसणारी बाई. अंगाने आडवी, शिंपले खणून बोटं फुटलेली, वर्षात कौन्सिलच्या कामात चार वाक्यं बोलणार.

“घालू नकोस,” ती म्हणाली.

तेरेवाचा हात थांबला.

“माझ्या किनाऱ्यावर चकत्या लागत नाहीत. खिंडीतून आत येतात. आतल्या चिखलात रुततात. शिंपले खणताना फावड्याला लागतात.”

“मग या... नेइ मोआनिबांना तुमच्या किनाऱ्यावर कशा मिळाल्या?”

“मी नेऊन ठेवायची.”

“का?”

तेकोआने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू समुद्र कुठल्या बाजूला आहे असं त्याने विचारलं होतं. “ती सकाळी तिकडून यायची म्हणून.”

मनेआबातल्या एकाही माणसाने त्या दोघींकडे पाहिलं नाही. सगळे छपराकडे बघत होते, आणि छपरात बघण्यासारखं काही नव्हतं. तेरेवाने हळूच विचारलं, “सगळ्याच? तीनशे चोवीस?”

“मोजल्या नाहीत,” तेकोआ म्हणाली. “मोजायची सवय धाकटीला.”

बांध खिंडीत लागला. तिसऱ्या सकाळी तेल आलं, ते गणिताने दाखवलं तसंच दक्षिणेकडून वळून आलं, आणि बांधाला थडकून राहिलं. तेकोआच्या वाळूचा एक पट्टा काळा झाला. तो आम्ही नारळाच्या सोडणांनी महिनाभर खरवडत होतो. चिखलात थोडंफार शिरलं, पण शिंपले वाचले. तेरेवाने होबार्टला जाऊन नवा नकाशा पाठवला, त्यात मोआनिबाच्या किनाऱ्यासमोर साधं निळं पाणी आहे. तिमोनने वहीत दोन रकाने केले, एक चकती कुठे सापडली त्याचा आणि एक ती कुणाची म्हणायची त्याचा. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी उन्हं कलायच्या आत बांध ओढायचा होता, कारण ओहोटी तेवढाच वेळ थांबणार होती. एका टोकाला आठ दोर बांधले आणि बाउरोबाबांनी घराण्याला एक असे वाटून दिले. म्हणजे दोघी बहिणींना दोर एकच आला. गुडघाभर पाण्यात त्या उभ्या राहिल्या, पुढे तेकोआ, मागे मोआनिबा. चार वेळा ओढून झाल्यावर मोआनिबा म्हणाली,

“कोरड्या असायच्या.”

मध्ये खांब नव्हता. तेकोआला कळायला जरा वेळ लागला की हे आपल्यालाच म्हटलंय.

“काय कोरड्या?”

“चकत्या. भरतीच्या रेषेच्या चार हात वर, वाळूवर ओळीने. समुद्रातून आलेली वस्तू कोरडी कशी असेल?”

तेकोआ ओढायची थांबली. “म्हणजे तुला कळलं होतं?”

“पहिल्याच वर्षी. मला वाटायचं, तिथंच पाण्याकाठची उचलून तू वर ठेवतेस. आतल्या चिखलातून आणतेस हे नव्हतं ठाऊक. अर्धा मैल चालायचीस?”

“येऊन-जाऊन मैल.”

“पहाटेची?”

“मग काय तू येऊन गेल्यावर?”

पलीकडून बाउरोबाबा ओरडत होते की एक दोर ढिला पडलाय, कुणाचा आहे तो बघा. तेकोआने मान वळवून धाकटीकडे पाहिलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

“कळलं होतं, तर मग रोज चोरायला कशाला यायचीस गं?”

मोआनिबाने दोराचा हाताला आणखी एक वेढा घेतला. “आले नसते तर तू ठेवायचं बंद केलं असतंस,” ती म्हणाली. “ओढ आता, ते आपल्याला ओरडतायत.”